जनरल फ्रिडो फॉन झेंगर: कोर्सिका, कॅसिनो आणि एका सेनानीचे मोजमाप

रानवाटा (धागालेखक)

इटलीतील मॉन्टे कॅसिनोच्या १९४४ मधील लढाईची चर्चा निघाली की मठावरील बॉम्बवर्षाव आणि त्याच्या अवशेषांवर पोलिश सैनिकांनी फडकवलेला ध्वज हे दोन प्रसंग सगळ्यांना आठवतात. समोरच्या, म्हणजे जर्मन बाजूने ही आघाडी ज्याने सांभाळली, त्या जनरल फ्रिडो फॉन झेंगर उंड एटरलिन याच्या कारकिर्दीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. झेंगर हा बचावाच्या लढाईतला पहिल्या प्रतीचा सेनापती होता यात शंका नाही. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती कॅसिनोच्या आधी काही महिने, कोर्सिका बेटावर. त्याच्या कारकिर्दीचे मोल ठरवायचे तर ही दोन्ही ठिकाणे एकाच वेळी नजरेसमोर ठेवावी लागतात.

झेंगरचा जन्म १८९१ साली बाडेन प्रांतातील वाल्ड्सहूट येथे झाला. घराणे कॅथलिक होते आणि तो स्वतः बेनेडिक्टाइन पंथाशी दीक्षित गृहस्थ म्हणून जोडलेला होता. १९१२ साली ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकायला गेला. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता आणि दोन युद्धांच्या मधली वर्षे त्याने घोडदळात काढली. १९४० मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत त्याच्याकडे एका ब्रिगेडचे नेतृत्व होते. त्यानंतरची दोन वर्षे फ्रान्स आणि इटली यांच्यातील शस्त्रसंधीची अंमलबजावणी पाहणाऱ्या आयोगावर तूरिन येथे गेली. इटालियन भाषा आणि इटालियन अधिकाऱ्यांचा स्वभाव या दोन्हींची त्याला तिथे जी ओळख झाली, ती पुढे फार उपयोगी पडली.

१९४२ च्या हिवाळ्यात तो सतराव्या पॅंझर (म्हणजे रणगाड्यांच्या) डिव्हिजनचा प्रमुख म्हणून रशियात होता. स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या सहाव्या आर्मीला सोडवण्यासाठी डिसेंबरमध्ये जी मोहीम निघाली, तिच्यात ही डिव्हिजन उशिरा आणि मोजक्या रणगाड्यांनिशी सामील झाली. मिश्कोवा नदीपर्यंत मजल गेली, तिथून वेढा सुमारे ५० किलोमीटरवर राहिला आणि तिथूनच परत फिरावे लागले. वेळेवर माघार न घेतल्याने एक अख्खी आर्मी कशी नष्ट होते, हे त्याने इतक्या जवळून पाहिले होते.

जून १९४३ मध्ये हिटलरने त्याला सिसिलीला पाठवले. जनरल गुझोनीच्या सहाव्या इटालियन आर्मीशी संपर्क ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. सिसिली हातची गेल्यावर त्याला सार्डिनिया आणि कोर्सिका ही दोन बेटे देण्यात आली. ८ सप्टेंबरला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि कालचे मित्र एका रात्रीत शत्रू ठरले. झेंगरने सार्डिनियातील नव्वदावी पॅंझरग्रेनेडियर (वाहनांवरच्या पायदळाची) डिव्हिजन सामुद्रधुनी ओलांडून कोर्सिकात आणली आणि तिथून बास्तिया बंदरातून व विमानांनी सारे सैन्य मुख्य भूमीवर हलवले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे काम पुरे झाले, तेव्हा समुद्रावर आणि आकाशात दोन्हीकडे दोस्त राष्ट्रांचे वर्चस्व होते.

याच धामधुमीत त्याला हुकूम आला की, पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घालाव्यात. हे अधिकारी सुमारे २०० होते. झेंगरने हुकूम पाळण्यास स्पष्ट नकार दिला आणि त्या अधिकाऱ्यांना सामान्य युद्धकैदी म्हणून मुख्य भूमीकडे रवाना केले. त्याचा वरिष्ठ फील्ड मार्शल केसेलरिंग याने त्याच्यावर कोणतीही कारवाई केली नाही. उलट ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे चौदाव्या पॅंझर कोअरचे (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनचा गट) नेतृत्व आले आणि कॅसिनोचा डोंगर त्याच्या हद्दीत आला.

कॅसिनोविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कोअरच्या नावात पॅंझर असले तरी ही लढाई रणगाड्यांची नव्हती. डोंगरउतारावरचे खंदक, खडकात खोदलेली बिळे, तोफांची अचूक मारगिरी आणि प्रत्येक टेकडी गेली की लगेच केलेला प्रतिहल्ला, अशी ती पायदळाची लढाई होती. आघाडी फुटेल तिथे कोणती बटालियन नेमक्या कोणत्या वेळी न्यायची, यातच झेंगरचे कौशल्य होते. जाणकारांनी आपले म्हणणे सविस्तर मांडावे, अशी विनंती आहे.


माजी_सैनिक_सातारा

रानवाटा साहेब, धागा आवडला. मी पायदळात नोकरी केली असल्याने राखीव सैन्याच्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण १७ ते २२ जानेवारी १९४४ हे सहा दिवस या कारकिर्दीचा गाभा आहेत.

१७ जानेवारीच्या रात्री ब्रिटिशांच्या दहाव्या कोअरने समुद्राच्या बाजूला गारिल्यानो नदी ओलांडली. तिथे चौऱ्याण्णवावी इन्फन्ट्री डिव्हिजन होती. लांबलचक आघाडीवर ती विरळ पसरलेली होती आणि मोठ्या हल्ल्याचा तिला अनुभव नव्हता. झेंगर स्वतः त्या डिव्हिजनच्या ठाण्यावर गेला आणि कोअरजवळच्या कुमकेवर हे भगदाड बुजणार नाही, अशी त्याची खात्री पटली. मधल्या आर्मी मुख्यालयाची वाट न पाहता त्याने थेट केसेलरिंगला फोन लावला आणि रोमजवळ राखीव असलेल्या एकोणतिसाव्या व नव्वदाव्या या दोन्ही पॅंझरग्रेनेडियर डिव्हिजन मागितल्या. केसेलरिंगने त्या दिल्या आणि आघाडी सावरली.

पण दोस्त राष्ट्रांना नेमके हेच हवे होते. २२ जानेवारीला ॲन्झिओच्या किनाऱ्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्य उतरले, तेव्हा रोमच्या दिशेने त्यांना अडवायला जवळपास कोणी नव्हते. मग प्रश्न असा येतो की, झेंगरची मागणी चूक होती का? माझ्या मते नव्हती. कोअर कमांडरला स्वतःच्या हद्दीपलीकडचे दिसत नसते आणि त्याने ते पाहण्याचा आव आणूही नये. गारिल्यानोची आघाडी फुटली असती तर लिरी नदीचे खोरे उघडे पडले असते आणि तोच रोमकडे जाणारा मोठा रस्ता होता. दोन्ही धोक्यांचा तोल राखण्याचे काम केसेलरिंगचे होते. ॲन्झिओला उतरलेले सैन्य किनाऱ्यावरच पाय रोवत बसले, हे जर्मनांचे दैव म्हणावे लागेल. त्याचे श्रेय झेंगरलाही नाही आणि केसेलरिंगलाही नाही.

त्याच आठवड्यातला आणखी एक दाखला देतो. २० ते २२ जानेवारी या काळात अमेरिकेच्या छत्तिसाव्या डिव्हिजनने सांत अँजेलो गावाजवळ रापिदो नदी ओलांडण्याचा प्रयत्न केला. पाणी बर्फासारखे थंड, धार वेगवान, दोन्ही काठ उभे आणि पलीकडे पंधराव्या पॅंझरग्रेनेडियर डिव्हिजनच्या मशीनगन. नावा वाहून नेताना सुरुंगांच्या पट्ट्यांमधून वाट काढावी लागत होती आणि नदीवर पोहोचेपर्यंत बऱ्याच नावांची चाळण झालेली होती. दोन दिवसांत त्या डिव्हिजनचे १६८१ सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. जर्मन बाजूला मात्र हा एका अख्ख्या डिव्हिजनचा हल्ला आहे, हेही लगेच उमगले नव्हते, कारण राखीव दले वापरण्याची वेळच आली नाही. बचावाची जागा आधीपासून नीट निवडली आणि बांधली असेल तर ऐन लढाईत सेनापतीला फारसे काही करावे लागत नाही. झेंगरचे कौशल्य मोजताना त्या डोंगरांचे आणि नद्यांचे माप वेगळे काढावेच लागेल.


मृण्मयी

माजी सैनिक काका, आपला प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही या साऱ्या चर्चेचा रोख मला अस्वस्थ करतो. सुसंस्कृत, ऑक्सफर्डला शिकलेला, धर्मनिष्ठ जर्मन सेनापती ही प्रतिमा युद्धानंतर फार हौसेने जपली गेली आणि झेंगर तिच्यात अगदी चपखल बसतो. कोर्सिकातला नकार मी मनापासून मान्य करते. परंतु हा माणूस नाझी राजवटीचा तिरस्कार करत होता, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहिले आहे, आणि तरीही एप्रिल १९४५ पर्यंत त्याने तिच्यासाठी एकेक डोंगर लढवला. त्याने कॅसिनोला रोखून धरलेला प्रत्येक आठवडा त्या राजवटीला आयुष्याचा आणखी एक आठवडा देत होता. १९४४ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात हंगेरीतील ज्यूंना आउश्विट्झला नेणाऱ्या गाड्या धावत होत्या, हे कालगणनेत शेजारी ठेवून पाहिले की बचावाच्या कलेचे कौतुक घशाखाली उतरत नाही. २० जुलै १९४४ च्या, हिटलरला मारण्याच्या कटातही तो नव्हता.

मठाच्या बाबतीतही पूर्ण चित्र पाहावे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी सुमारे सव्वादोनशे विमानांनी मठ उद्ध्वस्त केला आणि आत आश्रयाला आलेले अनेक सामान्य लोक मारले गेले. तोपर्यंत भिंतींच्या आत जर्मन सैनिक नव्हते, हे आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात. परंतु भिंतींच्या बाहेर त्याच डोंगराच्या उतारांवर जर्मन मोर्चे होते आणि ती आखणी झेंगरच्याच कोअरची होती. ज्या डोंगरावर मठ आहे तोच डोंगर संरक्षणफळीचा कणा करायचा आणि मठ तटस्थ आहे असेही म्हणायचे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. बॉम्बवर्षावानंतर सुमारे ८० वर्षांचे मठाधिपती ग्रेगोरिओ डियामारे उरलेल्या लोकांना घेऊन डोंगर उतरले, तेव्हा त्यांना झेंगरच्या मुख्यालयात आणले गेले. तिथे खुद्द झेंगरने नभोवाणीसाठी त्यांची मुलाखत घेतली आणि गोबेल्सच्या प्रचारखात्याला आयते साहित्य मिळाले. त्याला नंतर त्याचा मनस्ताप झाला असेल, पण ती मुलाखत त्याने घेतली हे खरेच राहते.


बेळगावकर

आमच्या गावी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने इटलीची मोहीम आम्हाला दूरची वाटत नाही. माझा प्रश्न असा आहे की, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच झेंगरच्या सैन्याशी लढताना मिळाला का? रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक घाडगे तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीचे सारे सैनिक पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब आणि टॉमीगन संपल्यावर त्यांनी बंदूक उलटी धरून दस्त्याने शेवटच्या शत्रूंना लोळवले आणि तिथेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीने त्यांना वीरमरण आले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या उंच बांधांमध्ये त्यांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांतून आणि पाण्यातून एकेक करून सुरक्षित आणले. मग एकट्याने तीन मशीनगन निकामी केल्या आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना पलीकडे बोलावले.


रानवाटा (धागालेखक)

बेळगावकर, प्रश्न अगदी रास्त आहे, कारण इटलीतले सगळे जर्मन सैन्य म्हणजे झेंगरचे सैन्य असा समज सहज होतो. दोन्ही प्रसंगी समोर झेंगरची कोअर नव्हती. जुलै १९४४ मध्ये चौदावी पॅंझर कोअर इटलीच्या पश्चिम बाजूला अमेरिकनांसमोर होती, तर घाडगे लढले ते खोरे मधल्या भागात, जर्मन दहाव्या आर्मीच्या हद्दीत होते. एप्रिल १९४५ मध्ये झेंगर बोलोन्याच्या दक्षिणेला डोंगरांत होता आणि सेनिओ नदी पूर्वेला सपाट प्रदेशात, पुन्हा दहाव्या आर्मीकडेच होती.

झेंगरसमोर थेट उभी ठाकली ती चौथी भारतीय डिव्हिजन. फेब्रुवारी १९४४ च्या मध्यात तिने मठामागच्या डोंगररांगेवर हल्ला चढवला. १७ फेब्रुवारीच्या रात्री राजपुताना रायफल्सची बटालियन ५९३ क्रमांकाच्या टेकडीवर चालून गेली आणि गुरखा बटालियन थेट मठाच्या दिशेने निघाल्या. वाटेत जे साधे झुडूप वाटत होते ते छातीइतके उंच काटेरी रान निघाले आणि त्यात सुरुंग व तारा पेरलेल्या होत्या. हानी भयंकर झाली. हल्ल्यापूर्वी डिव्हिजनचे प्रमुख जनरल टकर आजारी पडले होते. मठ समोरून घेण्यापेक्षा डोंगरांतून वळसा घालून तो एकटा पाडावा, असे त्यांचे मत होते. तिकडे लक्ष दिले गेले नाही. मार्चमध्ये तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी नवव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन मठापासून अगदी थोड्या अंतरावरच्या हँगमन्स हिलवर पोहोचली. विमानातून टाकलेल्या शिध्यावर ती तिथे आठवडाभर टिकली आणि अखेर रात्री गुपचूप मागे घ्यावी लागली. त्या वेळी मठ आणि शहर जनरल हाइड्रिखच्या पहिल्या छत्रीधारी डिव्हिजनकडे होते आणि ती झेंगरच्या हाताखाली होती. ही डिव्हिजन मात्र झेंगरच्या मर्जीने चालणारी नव्हती. छत्रीधारी सैनिक हवाई दलाचे असल्याने आपल्या अडचणी ते वरिष्ठांना पुरत्या कळवत नसत, अशी तक्रार त्याने पुढे नोंदवली.

मृण्मयीताई, मठाच्या डोंगराविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे. बचावफळी कॅसिनोवरून न्यायची हा निर्णय झेंगरच्या आधीचा आणि त्याच्या वरचा होता, परंतु त्याने तो बदलण्यासाठी पद पणाला लावले नाही. १९४३ च्या नाताळात तो मठात प्रार्थनेला गेला होता. तटस्थतेचा भंग होऊ नये म्हणून आपण खिडकीतून खाली पाहिलेसुद्धा नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. वैयक्तिक सदाचार किती काटेकोर होता आणि त्याची धाव किती मर्यादित होती, हे दोन्ही त्या एका गोष्टीत दिसते. कोर्सिकात हुकूम त्याच्या एकट्याच्या हातात होता, म्हणून तो मोडता आला. कॅसिनोत तो एका मोठ्या यंत्रणेचा भाग होता आणि तिथे त्याने ती यंत्रणा उत्तम चालवली.


उत्तररात्र

कॅसिनो कसे पडले, यावर अजून कोणी लिहिले नाही, आणि झेंगरच्या लष्करी कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रश्न तिथेच आहे. ११ मेच्या रात्री दोस्त राष्ट्रांचा मोठा हल्ला सुरू झाला, तेव्हा झेंगर आघाडीवर नव्हता. एप्रिलमध्ये हिटलरकडून सन्मान स्वीकारायला म्हणून तो जर्मनीला गेला होता आणि १७ मेपर्यंत परतला नाही. तोपर्यंत आघाडीची फेरआखणी होऊन कॅसिनो शहर आणि मठ एकावन्नाव्या माउंटन कोअरकडे गेले होते. त्यामुळे पोलिश सैनिकांनी १८ मेला मठ घेतला तो झेंगरच्या हातून नव्हे. आठव्या भारतीय डिव्हिजनने ११ मेच्या रात्री गारी नदी ओलांडली आणि शिपाई कमल राम यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती जागाही त्याच्या हद्दीत नव्हती.

त्याच्याकडे उरला होता लिरी नदीपासून समुद्रापर्यंतचा पट्टा, आणि आघाडी खरी फुटली ती तिथेच. जनरल ज्यूँच्या फ्रेंच कोअरमधील मोरोक्को आणि अल्जीरियाचे सैनिक औरुंची पर्वतात घुसले. तो भाग सैन्याला अशक्य म्हणून जर्मनांनी विरळ राखला होता. १३ मेला मॉन्टे मायो पडला आणि एकाहत्तरावी डिव्हिजन मोडली. झेंगर परतला तेव्हा सावरण्यासारखे फारसे उरले नव्हते. तो असता तर फरक पडला असता का? मला वाटते, माघार लवकर आणि शिस्तीत झाली असती, पण पर्वतातून येणारा लोंढा अडला नसता. जानेवारीत ज्या भूगोलाने त्याला तारले, त्याच भूगोलावर मे महिन्यात जर्मन मुख्यालयाने नको इतका भरवसा ठेवला.


मृण्मयी

कोर्सिकाविषयी रानवाटा यांनी लिहिले आहे त्याला एक जोड द्यावीशी वाटते, कारण तिथला नकार किती मोठा होता हे शेजारच्या घटनेवरून कळते. त्याच सप्टेंबर महिन्यात ग्रीसच्या केफालोनिया बेटावर इटलीच्या आक्वी डिव्हिजनने शस्त्रे खाली ठेवण्यास नकार दिला. लढाई संपल्यावर जर्मन माउंटन सैनिकांनी शरण आलेल्या इटालियनांची सामूहिक हत्या केली. तेथील कोअरचा प्रमुख जनरल ह्युबर्ट लान्झ हाही कॅथलिक होता आणि हुकूमही त्याच वरच्या मुख्यालयातून आला होता. १९४८ साली न्यूरेंबर्ग येथे त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. नकार दिला तर सेनापतीचा जीवच जाईल, ही युद्धानंतर सर्रास दिली गेलेली सबब झेंगरच्या उदाहरणाने खोटी पडते. त्याला शिक्षा झाली नाही, उलट बढती मिळाली. माझी तक्रार म्हणूनच अधिक तीव्र आहे. नाही म्हणता येते, हे ज्याला अनुभवाने ठाऊक होते, त्याच्याकडून अपेक्षाही जास्त ठेवावी लागते.

त्यापुढे १९५० सालचा हिमेरोड मठातील प्रसंग आहे. पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य कसे असावे हे ठरवायला जमलेल्या माजी अधिकाऱ्यांत झेंगर होता. त्या निवेदनात जर्मन सैनिकांची, अगदी वाफेन एसएसची (नाझी एसएस संघटनेच्या सशस्त्र दलाची) सुद्धा, बदनामी थांबवावी आणि कैदेतील अधिकाऱ्यांना सोडावे, अशी मागणी होती. कोर्सिकात एकट्याने ठाम उभा राहिलेला माणूस इथे सगळ्यांबरोबर सही करताना दिसतो.


माजी_सैनिक_सातारा

मृण्मयीताई, हिमेरोडचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. केफालोनियाच्या बाबतीत एवढेच म्हणतो की, सैन्यात नकार देणे हे केवळ धैर्याचे काम नसते, त्याला वरचा माणूसही तसा लागतो. केसेलरिंगने कोर्सिकाच्या वेळी डोळेझाक केली. तोच केसेलरिंग जून १९४४ मध्ये इटालियन बंडखोरांविरुद्ध वाटेल ती कठोर उपाययोजना करणाऱ्या अधिकाऱ्यांना पाठीशी घालण्याचे आश्वासन देतो आणि १९४७ साली ब्रिटिश लष्करी न्यायालय त्याला मृत्युदंड सुनावते. ती शिक्षा पुढे कमी झाली. झेंगरवर असा कोणताही खटला चालला नाही, ही गोष्टही नोंदवून ठेवावी.


रानवाटा (धागालेखक)

शेवटचा टप्पा राहिला आहे, तो मांडतो. १९४४-४५ चा हिवाळा झेंगरने बोलोन्यासमोरच्या अपेनाइन पर्वतात काढला. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य डोंगर उतरून सपाटीवर आले आणि त्याच्या कोअरची पो नदीच्या दक्षिणेला वाताहत झाली. पूल विमानांनी आधीच तोडलेले होते, त्यामुळे रणगाडे, तोफा आणि वाहने अलीकडच्या काठावर टाकून सैनिक मिळेल त्या साधनाने नदी ओलांडत होते. झेंगर स्वतः २३ एप्रिलच्या सुमारास विस्कळीत मुख्यालयासह पलीकडे पोहोचला. स्टालिनग्राडच्या वाटेवर ज्याने वेळेवरच्या माघारीचे मोल पाहिले होते, त्याच्याच कोअरला वरिष्ठांनी माघारीची परवानगी वेळेत दिली नाही.

२९ एप्रिलला कासेर्ता येथे शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या आणि २ मेला इटलीतले युद्ध थांबले. ४ मे रोजी इटलीतील जर्मन सरसेनापती फिटिंगहॉफचा प्रतिनिधी म्हणून झेंगर फ्लॉरेन्सला जनरल मार्क क्लार्कसमोर हजर झाला आणि शरणागती अमलात कशी आणायची याच्या सूचना त्याने स्वीकारल्या. ज्या सेनापतीच्या सैन्याला त्याने रापिदोच्या काठी रोखले होते, त्याच्याच मुख्यालयात ही भेट झाली.

१९४८ पर्यंत तो ब्रिटिशांच्या कैदेत होता. सुटल्यावर त्याने झालेम येथील शाळेत काम केले, आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या आणि जानेवारी १९६३ मध्ये फ्रायबुर्ग येथे त्याचे निधन झाले. मृण्मयीताईंचा हिमेरोडचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा असे मलाही वाटते, कारण कोर्सिका आणि कॅसिनो यांच्या जोडीला ते तिसरे ठिकाण ठेवल्याशिवाय या माणसाचा हिशेब पुरा होत नाही. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या फेब्रुवारीतील हल्ल्यावर कोणी स्वतंत्र धागा काढणार असेल, तर ५९३ क्रमांकाच्या टेकडीवरील लढाईविषयी तिथे सविस्तर लिहीन.